मान टाकण्याचा इतिहास

मराठीत यंत्र बिघडण्याला जितके शब्द आहेत तितके ते सुरळीत चालण्याला नाहीत. स्कूटर रुसते, पंप बसतो, घड्याळ मरते, पंखा कुरकुरतो आणि बल्ब 'जातो'. कुठे जातो ते कोणी विचारत नाही. धडधाकट यंत्राबद्दल मात्र आपण फक्त 'चालू आहे' एवढेच म्हणतो, आणि हा शब्द माणसाला लावला तर त्याचा काही गौरव होत नाही. संगणक आल्यावर या घराण्यात नवी भर पडली. तो हँग होतो, डाऊन होतो, क्रॅश होतो, आणि बँकेत असला तर त्याची 'लिंक जाते'. मी एका बँकेत बत्तीस वर्षे काढली. त्यातली शेवटची काही वर्षे काउंटरपलीकडच्या माणसाला 'लिंक नाही' हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकवले की माझ्या निरोपसमारंभात साहेबांचा माईक बंद पडला तेव्हा मागच्या रांगेतून एक जुने खातेदार आनंदाने ओरडले, "लिंक नाही!" त्या दिवशी सर्वांत जोरात टाळ्या त्यांनाच पडल्या.

तर या मान टाकण्याचाच थोडा इतिहास सांगावा असे मनात आहे. राजांचे आणि लढायांचे इतिहास पुष्कळ झाले. यंत्र का बसते याचा इतिहास मात्र, ज्याचे यंत्र बसले आहे तोच वाचतो, आणि त्या वेळी त्याची वाचायची मनःस्थिती नसते.

सुरुवात व्हॉल्व्हपासून. आमच्या पिढीला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. रेडिओची कळ फिरवली की आत लालसर उजेड यायचा, रेडिओ तापायचा आणि मग बातम्या मध्यावरून सुरू व्हायच्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४६ साली एनिॲक नावाचा संगणक जगापुढे आला, त्यात असले व्हॉल्व्ह सुमारे १८,००० होते. वजन ३० टन. एका रेडिओत पाच-सहा व्हॉल्व्ह, तरी वर्षातून एकदा दुरुस्तीवाल्याचे पाय धरावे लागत. इथे अठरा हजार! जाणकार म्हणत होते की हे धूड एक तासही सलग चालणार नाही. पण ते चालवणाऱ्या मंडळींच्या एक गोष्ट ध्यानात आली. व्हॉल्व्ह जायचे ते बहुतेक करून यंत्र चालू करताना किंवा बंद करताना, कारण थंडाचे गरम आणि गरमाचे थंड होण्यात आतल्या तारेला ताण बसतो. मग त्यांनी सरळ यंत्र बंदच करायचे नाही असे ठरवले. पुढे पुढे दोन दिवसांत एखादाच व्हॉल्व्ह जाऊ लागला, आणि १९५४ साली तर एनिॲक सलग ११६ तास न थांबता चालला. पाच दिवस! आमच्या शाखेची लिंक सलग पाच दिवस राहिली असती तर आम्ही सत्यनारायण घातला असता.

आपल्याकडेही फार उशीर झाला नव्हता. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये प्रा. नरसिंहन यांच्या मंडळींनी १९५६ साली नमुन्याचा छोटा संगणक उभा केला आणि १९६० साली पुरा. त्यातही सुमारे २,७०० व्हॉल्व्ह. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे बारसे केले. मुंबईच्या हवेत पापड दोन तासांत सादळतो, तिथे त्या लोकांनी ते यंत्र कामाला लावले आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडून गणिते करून घेतली. त्यांना माझा नमस्कार. पापडवाल्यांनाही.

दरम्यान एका जिवाचे बलिदान पडले होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्राने मान टाकली. उघडून पाहतात तो आत ७० नंबरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकून मेलेला. संक्रांतीचा नव्हे, दिव्यावर झेपावणारा. तिथल्या लोकांनी तो चिमट्याने काढला, चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवले की खराखुरा 'बग' सापडण्याची ही पहिलीच खेप. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत जुनी आहे, एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो शब्द आहे. म्हणून तर तो विनोद झाला. ग्रेस हॉपर या बाईंनी, म्हणजे पुढे अमेरिकन नौदलात रिअर ॲडमिरल झालेल्या गणितज्ञ बाईंनी, ही गोष्ट जन्मभर रंगवून सांगितली. ती वही पतंगासकट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवली आहे. आमच्याकडे लेजरमध्ये चिरडलेली झुरळे कितीतरी निघत, पण कोणी खाली तारीख घातली नाही. इतिहास असा हातचा जातो.

मग तबकड्या आल्या. व्हॉल्व्ह हा मेंदू म्हटला तर ही वही. १९५६ साली आयबीएमने रमॅक नावाचे यंत्र काढले, त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकीवर एक रचलेल्या होत्या. वजन टनभर, आणि एवढ्या खटाटोपात अक्षरे मावत ५० लाख. आजच्या मोबाइलमधल्या लग्नाच्या एका फोटोएवढी. पुढे तबकड्या लहान झाल्या, वेग वाढला आणि त्यांच्यावर तरंगणारे वाचणारे डोके तबकडीच्या इतके जवळ आले की मधली फट केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी राहिली. सिगारेटच्या धुराचा कणदेखील त्या फटीपेक्षा मोठा. कण मध्ये आला की डोके तबकडीवर आपटायचे आणि नांगर फिरावा तसे चर पाडत जायचे. त्याला हेड क्रॅश म्हणत. आमच्या संगणकखोलीबाहेर 'पादत्राणे बाहेर काढावीत' ही पाटी का होती त्याचे शास्त्रीय कारण हे. खातेदारांना मात्र आत देव बसवला आहे असेच वाटे. १९८४ साली रंगराजन समितीचा बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा अहवाल आला, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाखेत यंत्र आले, आणि पहिल्याच दसऱ्याला हेड कॅशियरनी त्याची साग्रसंगीत पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूची फुले, वर अक्षता. फ्लॉपी घालायची फट त्यांना यंत्राचे मुख वाटले असावे, कारण नैवेद्याची साखर त्यांनी तिथे दाखवली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला आलेला तरुण बराच वेळ त्या फटीत बघत राहिला आणि मग त्याने जॉबशीटवर 'फॉरेन मॅटर' असे लिहिले. हळदीकुंकवाला फॉरेन म्हटल्याचा हेड कॅशियरना शेवटपर्यंत राग होता.

आता यंत्र बसले की दोष कोणाचा? माझा भाचा शिरीष, आक्काचा मुलगा, पुण्याला हिंजवडीत असल्याच कामात आहे. तिथे भिंतीभर यंत्रे असतात आणि ती बसू नयेत म्हणून याला रात्री-बेरात्री उठवतात. मी अकोल्याहून फोन करून काहीही तक्रार सांगितली तरी तो एकच औषध देतो, "मामा, बंद करून परत चालू कर." सर्दी, पडसे, हाडमोड, सगळ्यावर एकच काढा. मला वाटे हा मला टाळतो आहे. पण या काढ्यामागे एका थोर माणसाचा ग्रंथाधार निघाला.

त्याचे नाव जिम ग्रे. बँका आणि शेअरबाजार यांना कधीही न थांबणारी यंत्रे विकणाऱ्या टँडम नावाच्या कंपनीत तो होता. १९८५ साली त्याने एक निबंध लिहिला, संगणक का थांबतात आणि त्यावर काय करता येईल. गिऱ्हाइकांकडून आलेल्या तक्रारींचा त्याने हिशेब मांडला. माझ्यासारख्या हिशेबवाल्याला असला निबंध कादंबरीसारखा वाचवतो. यंत्राचे सुटे भाग बिघडल्यामुळे थांबण्याचे प्रमाण निघाले जेमतेम १८ टक्के. सॉफ्टवेअरचे २५. आणि ४२ टक्के वेळा कारण होते यंत्राची देखभाल करणारी माणसे! म्हणजे वायर उपटणारी, चुकीची कळ दाबणारी, 'जरा साफ करतो' म्हणून हात घालणारी. आमच्या शाखेत तर यंत्राच्या प्लगमधूनच चहाच्या शेगडीला वीज मिळे, आणि चारच्या चहाला लिंक का जाते याचा शोध घ्यायला मुंबईहून माणूस आला होता. त्यालाही चहा दिला. मग लगेच सापडले.

ग्रेने आणखी एक गंमत सांगितली. दोष दोन जातींचे असतात. एक जात बोरसाहेबांच्या अणूसारखी भक्कम, कधीही बघा, तिथेच. असले दोष विक्रीआधीच पकडले जातात. दुसरी जात हायझेनबर्गच्या नावाची, बघायला गेलात की गायब. दाताच्या डॉक्टरच्या दारात पोचल्यावर दुखायचे थांबलेली दाढ, मेकॅनिकसमोर न वाजणारी स्कूटर, पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे बसणारे पोर, ही सगळी हायझेनबर्गची प्रजा. दोन कामे नेमकी एकाच क्षणी एकाच दारात आली, एखाद्या वेळी जागा नेमकी भरली, अशा योगायोगावर ती प्रकट होते. योग पुन्हा जुळत नाही, म्हणून तेच काम नव्याने सुरू केले तर बहुधा पार पडते. कामाला असलेल्या यंत्रांत उरलेले बहुतेक दोष याच जातीचे, असे ग्रेचे म्हणणे. म्हणजे शिरीषचा काढा शास्त्रोक्त होता. ग्रेला १९९८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००७ च्या जानेवारीत तो सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच शिडाची होडी घेऊन समुद्रात गेला, तो परत आला नाही. जगभरच्या संगणकवाल्यांनी उपग्रहांची चित्रे चाळून त्याला शोधले. ना होडी सापडली ना माणूस.

हा काढा चंद्रावरही उपयोगी पडला होता, ग्रेच्या निबंधाआधी. १९६९ च्या जुलैत अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरत असताना आतला संगणक पुन्हा पुन्हा धोक्याची खूण दाखवू लागला, १२०२, १२०१. नको त्या रडारकडून त्याच्यावर कामाचा भडिमार होत होता. पण तो मुळात असा बांधला होता की असह्य झाले की स्वतःच स्वतःला नव्याने सुरू करायचे आणि महत्त्वाचे काम तेवढे हातात धरायचे, बाकीचे टाकायचे. मुलीच्या लग्नात आमची सौ. नेमके असेच करत होती.

मेज-संगणक आले तेव्हा ही कला सार्वत्रिक झाली. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोला भर सभेत नवे विंडोज दाखवताना स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला, तेव्हा खुद्द बिल गेट्स स्टेजवर उभे होते. पुढे २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लिहिले की विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्क्यांचे मूळ ड्रायव्हरमध्ये असते. ड्रायव्हर म्हणजे बाहेरच्या कंपन्यांनी आपापल्या वस्तूंसाठी लिहून दिलेले छोटे प्रोग्रॅम. घर एकाचे आणि पाईप फोडणारे प्लंबर दुसऱ्याचे, असा प्रकार. अगदी अलीकडे, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइकच्या संरक्षक प्रोग्रॅमने एक सुधारणा पाठवली. प्रोग्रॅम २१ रकाने वाचायला गेला, हाती दिलेले होते २०. जगभर ८५ लाख यंत्रे निळी पडली. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, अक्षर ज्याचे त्याचे. मायक्रोसॉफ्टने क्लाऊडमधल्या यंत्रांच्या मालकांना सांगितले की पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा, काहींना पंधरा वेळा केल्यावर यश आले आहे. मी ताबडतोब शिरीषला फोन लावला आणि म्हटले, तू मला एकदाच करायला सांगतोस, हे बरे नाही.

कधी कधी मात्र कोणाचाच दोष नसतो. १९७८ साली इंटेलमधल्या मे आणि वुड्स या दोघांनी दाखवले की स्मृतीच्या चिपमधली अक्षरे अधूनमधून आपोआप बदलतात, कारण चिपवरच्या सिरॅमिकच्या आवरणात युरेनियम-थोरियमचा अंश आहे आणि त्यातून निघणारे कण आत घुसतात. आकाशातूनही असले किरण येतच असतात. २००३ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये स्कारबेक इथे मतमोजणी चालली होती. एका उमेदवाराला इतकी मते पडली की ती शक्यच नव्हती. फेरमोजणीत नेमकी ४,०९६ मते जादा निघाली. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, पुढच्यात दोन, मग चार, अशी गोष्ट आपण ऐकली आहे. त्या पटाच्या तेराव्या घरात नेमके ४,०९६ दाणे येतात. संगणक याच पटावर मोजतो. तेव्हा एका घराचा शून्य जाऊन एक झाला असणार, यंत्रात दुसरा काही दोष सापडला नाही, आणि तज्ज्ञांनी बोट दाखवले ते आकाशाकडे. आपल्याकडे नवग्रहांना निवडणुकीआधी शांत करतात, ते अगदीच अडाणीपणाचे नाही म्हणायचे!

त्या पटाचे सोळावे घर फारच घातकी. त्यात ३२,७६८ दाणे येतात, आणि सोळा घरांच्या मापात ऋण-धन दोन्ही आकडे ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही. ४ जून १९९६ ला युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटले, कारण वेगाचा एक आकडा त्या मापात मावला नाही. प्रोग्रॅम आधीच्या, कमी वेगाच्या एरियन-४ चा जसाच्या तसा घेतला होता. राखीव संगणकानेही मान टाकली, त्यातही तोच प्रोग्रॅम. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालायचा हे ठीक, पण इथे धाकटा अंगाने दुप्पट निघाला.

आणि आता त्या वस्तूकडे येतो जिच्यामुळे मी हे सगळे वाचत सुटलो. आमच्या लोखंडी कपाटात, आक्काच्या पैठणीखाली, पत्त्यांच्या कॅटएवढी एक डबी आहे. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात आक्काच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. मूळ कॅसेटवर घेतल्या होत्या, त्या कॅसेटी बुरशीने गेल्या. तत्पूर्वी शिरीषने त्या यंत्रात उतरवल्या. आक्का जाऊन आता सहा वर्षे झाली. एकूण एक तास तीन मिनिटे, मध्ये दोनदा ती खोकते आणि एकदा 'अरे ते बंद कर मेल्या' म्हणते. तो मेला म्हणजे शिरीष. या डबीत फिरणारी तबकडी नाही, तरंगणारे डोके नाही, म्हणून 'मामा, ही पडली तरी फुटत नाही' असे सांगून त्याने ती मला दिली होती. मी आपला निश्चिंत.

या डबीच्या मुळाशी एक केक आहे असे सांगतात. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डावन कांग आणि सायमन झे हे दोघे जेवताना थरांचा केक खात होते, आणि त्यांना सुचले की चिपमध्येही असाच एक थर दोन निरोधक थरांच्या मध्ये कोंडावा. त्यात विजेचे कण शिरले की वीज गेली तरी ते तिथेच राहतील. दार नसलेली खोली म्हणा. कण आत घालायचे तर दाब देऊन भिंतीतून ढकलायचे, काढायचे तर भिंतीतून ओढायचे. यावरून तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली, १९८७ साली तिचा नँड हा दाटीवाटीचा अवतार. सगळे एकदम पुसले जाते ते कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखे, म्हणून एका सहकाऱ्याने 'फ्लॅश' हे नाव सुचवले. साऱ्या जगाच्या खिशात आज मासुओकांचा शोध आहे. त्यांना मात्र कंपनीवर दावा लावावा लागला आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. मागितले होते १०० कोटी. आमच्या वेतनकराराची आठवण झाली.

या खोलीची अडचण अशी, की भिंतीतून येजा करून भिंत खिळखिळी होते. सुरुवातीच्या, एका खोलीत एकच अक्षरखूण ठेवणाऱ्या चिपा लाखभर वेळा पुसून लिहिता येत. स्वस्ताई यावी म्हणून एका खोलीत दोन, तीन, चार बिऱ्हाडे घातली, आणि सहनशक्ती काही हजारांवर, कधी हजारापर्यंत खाली आली. चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. दुसरी अडचण पुसण्याची. लिहिताना एकेक ओळ लिहिता येते, पुसताना मात्र सबंध पाटीच पुसावी लागते. म्हणून आत एक हेडक्लार्क बसवलेला असतो. तो दुरुस्त केलेली ओळ नव्या पाटीवर लिहितो, जुनीवर काट मारतो, सवडीने पाट्या पुसतो आणि एकाच पाटीवर फार काम पडू नये म्हणून सर्वांच्या सतत बदल्या करत राहतो. कोणती ओळ सध्या कोणत्या पाटीवर आहे याची यादी त्याच्यापाशी असते. आमच्या रेकॉर्ड-रूममध्ये असेच एक गृहस्थ होते. ते रजेवर गेले की कागद खोलीतच असायचे, पण बँकेच्या दृष्टीने ते जगात नसायचे.

ही यादी हातात असतानाच अचानक वीज गेली तर? अकोल्यात हा प्रश्न तात्त्विक नाही. ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपीच्या संशोधकांनी २०१३ साली १५ एसएसडी घेतल्या आणि काम चालू असताना पुन्हा पुन्हा त्यांची वीज तोडली. पंधरांपैकी तेरांनी काही ना काही गोंधळ केला. कोणाची अक्षरे बिघडली, कोणी अर्धेच लिहिले, आणि एकीने कायमचा राम म्हटला. त्याआधी २०११ साली इंटेलच्या एका मालिकेत असे होई, की वीज जाऊन आली की शेकडो गिगाबाइटची डबी 'मी फक्त आठ मेगाबाइटची आहे' असे सांगू लागे. धक्क्याने आठवण जाऊन माणूस बालपणात जातो, तसले काही.

हेडक्लार्कला स्वतःचेही प्रोग्रॅम असतात, आणि त्यांतही पतंग अडकतात. २०१२ च्या सुमारास एका जातीच्या डब्या बरोबर ५,१८४ तास भरले की थिजत. हे झाले २१६ दिवस. पुन्हा सुरू केली की तासभर चाले, की पुन्हा थिजे. २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांना कळवले की काही डब्या ३२,७६८ तास भरताच, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमच्या जातील, आतल्या मजकुरासकट. तेव्हा त्याआधी नवा प्रोग्रॅम घालून घ्या. तेच सोळावे घर! एका डबीला पर्याय म्हणून दुसरी, दुसरीला तिसरी, अशी मोठ्या ठिकाणी सोय असते. पण सगळ्या एकाच दिवशी आणून एकाच वेळी सुरू केलेल्या असल्या तर एकाच तासाला निवृत्त होणार. आमच्या तुकडीतले अकरा जण एका तारखेला लागले होते, त्यामुळे मी गेलो त्या वर्षी शाखेत तिजोरीची किल्ली कशी फिरवायची हे माहीत असलेला माणूस उरला नव्हता.

मग या डब्या तबकड्यांहून बऱ्या की वाईट? गूगलच्या कोठारांतल्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून बियांका श्रोडर या विदुषींनी सहकाऱ्यांबरोबर २०१६ साली उत्तर दिले. बऱ्या, पण. फिरत्या तबकड्यांपेक्षा त्या कमी वेळा बदलाव्या लागतात. मात्र पहिल्या चार वर्षांत, जातीजातीनुसार, २० ते ६३ टक्के डब्यांत निदान एक तरी जागा अशी निघाली की तिथले लिहिलेले पुन्हा वाचताच येईना. तबकडी मरते तेव्हा ओरडून मरते, ही एखादा शब्द गिळते. आणखी एक निघाले. किती लिहिले यापेक्षा वय किती झाले यावर दुखणी जास्त अवलंबून होती. हे वाचून मी सौ.ला म्हटले, पाहा, काम करण्याचा आणि म्हातारपणाचा संबंध नाही. तिने लगेच मला गव्हाची कोठी हलवायला लावली.

पण माझी झोप उडाली ती दुसऱ्याच एका नियमाने. कोंडलेले कण भिंतीतून हळूहळू पाझरतात. या धंद्याचे मानक असे, की घरगुती वापराच्या डबीने तिची सहनशक्ती संपत आल्यावरही, वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष मजकूर धरून ठेवला पाहिजे. नव्या, कमी वापरलेल्या डबीचा कण बराच जास्त काळ टिकतो, हे खरे. पण गरमी वाढली की पाझर वाढतो. तीस अंश! आमच्या कपाटात मे महिन्यात लोणच्याला ऊन दाखवावे लागत नाही. आणि ही डबी काही नवी नव्हती. शिरीषने ती आधी आपल्या लॅपटॉपमध्ये चार वर्षे पिळून घेतली होती.

"मामा, मंगळावर काय झाले माहीत आहे ना?" शिरीष म्हणाला. त्याला धीर देण्याची ही एकच पद्धत येते. तर २००४ च्या जानेवारीत नासाच्या दोन गाड्या मंगळावर उतरल्या, स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी. तीन आठवडे होत नाहीत तोच, २१ जानेवारीला, स्पिरिट बोलेनाशी झाली. कारण कळले ते असे, की तिच्या फ्लॅश स्मृतीत फायलींची इतकी गर्दी झाली की त्यांची यादी वाचायलाच जागा पुरेना. यादी वाचता येईना म्हणून संगणक बसे, बसला की नव्याने सुरू होई, सुरू झाला की आधी यादी वाचायला जाई. साठाहून अधिक वेळा असे झाले. रात्रीची झोप नाही, बॅटरी उतरत चाललेली. इथे शिरीषचा काढाच रोग झाला होता! शेवटी पृथ्वीवरून तिला सांगितले की फ्लॅशकडे न बघता सुरू हो. ती झाली. मग फायली काढल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती कामावर रुजू झाली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० पर्यंत बोलत होती.

दुसरी तर त्याहून चिवट. दहा वर्षे झाल्यावर ऑपॉर्च्युनिटीची फ्लॅश थकली. २०१४ च्या सप्टेंबरात पृथ्वीवरून तिची सगळी पाटी पुसून पुन्हा आखून दिली. तरी विसरणे चालूच. तेव्हा तिथल्या लोकांनी फ्लॅशचा नाद सोडला. वीज असेतो टिकणाऱ्या स्मृतीत दिवसभराचे पाहिलेले ठेवायचे आणि रात्री झोपण्यापूर्वी ते पृथ्वीवर सांगून टाकायचे. सकाळी उठली की कालचे काही आठवत नाही. अशा स्थितीत ती आणखी काही वर्षे दगड पाहत हिंडली, २०१८ च्या जूनमध्ये धुळीच्या वादळात गप्प होईपर्यंत. आक्काचे शेवटचे दीड वर्ष असेच गेले. संध्याकाळी ती मला फोन करून दिवसभर काय केले ते सगळे सांगायची. सकाळी तिला फोन केला हेच आठवत नसे. ओव्या मात्र एकही चुकली नाही.

पुढच्या शनिवारी शिरीष पुण्याहून आला. पैठणीखालून डबी काढली, यंत्राला जोडली. नुसती जोडून भागत नाही, सगळे वाचून दुसरीकडे नव्याने उतरवून ठेवायचे असते, असे तो म्हणाला. यादी आली. बावीस फायली होत्या, एकवीस उतरल्या. बाविसावी अर्ध्यावर अडकली. तो काही न बोलता बघत राहिला. मी म्हटले, "बंद करून परत चालू कर." त्याने माझ्याकडे असे पाहिले की काय सांगू. पण केले. तिसऱ्या खेपेला उतरली. खोकल्यासकट.

आता एक प्रत त्याच्याकडे पुण्याला असते, एक फिरत्या तबकडीवर इथे, आणि एक मुलीकडे नाशिकला. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. दसऱ्याला तिन्ही ठिकाणी सगळे वाचून पडताळायचे, असा शिरीषने नियम घालून दिला आहे. आमची सौ. मात्र ओव्या ऐकून वहीत लिहून काढते आहे. साठेक झाल्यात. हळदकुंकू ती फक्त वहीलाच लावते.